थर्मोस्टॅटचं झाकण

उस्तादांनी त्याला डिझेलच्या ट्रेमधून बाहेर काढलं, चिंधीनं पुसलं आणि बुजऱ्या पोराला पाहुण्यापुढं उभं करावं तसं माझ्या तळहातावर ठेवलं.

"नाक गेलं ह्याचं, सर."

नाक खरंच गेलं होतं. मुठीत मावेल एवढा ॲल्युमिनियमचा तो पार्ट. खाली चपटा तळ, तळाला तीन कान, प्रत्येक कानात बोल्टचं भोक. कानांच्या मधे फुगीर पोट आणि पोटातून निघून पुढं वळलेली आखूड सोंड. त्या सोंडेवर रबरी होज चढतो, वरून क्लिप आवळतात. कुणीतरी मातीचा गणपती करायला घ्यावा आणि कान, पोट, सोंड झाल्यावर कामाला हाक आली म्हणून उठून जावं, असा एकंदर अवतार. आता सोंडेचा शेंडा उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखा दिसत होता. उरलेल्या भागावर पांढरा खार बसला होता आणि एका कानाला बारीक चीर होती.

काउंटरवर त्याला 'एल्बो' म्हणून मागायचं असतं. छापील पुस्तकात ते 'थर्मोस्टॅट कव्हर' असतं. उस्ताद 'नाक' म्हणतात. आमच्या आबांनी त्याला आयुष्यभर 'झाकण' म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणणार. झाकणाला तसा आपल्याकडं मान नाही. भांडं घासून मांडणीवर मिरवतात, झाकण कुठंतरी मागं सरकवलेलं असतं. वाफ निघून गेली आणि भात कच्चा राहिला की मग त्याची शोधाशोध. लोह्याच्या अलीकडं आमचं रान आहे. तिथं एक जुना ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या इंजिनाच्या माथ्यावर हे झाकण तीस-एक वर्षं बसून होतं. मिस्त्र्याचा हात सोडला तर बसल्या जागेवरून ते हललं नाही, आणि आबा सोडले तर घरातल्या कुणी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मे महिन्यात, ऐन नांगरटीत, बॉनेटमधून वाफ उसळली तेव्हा त्याची आणि आमची पहिली ओळख झाली.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. इंजिनात फिरून तापलेलं पाणी जिथून रेडिएटरकडं निघतं, त्या दारावर हे बसतं. पाण्याला वळण लावून होजमध्ये सोडतं आणि थेंब बाहेर जाऊ देत नाही. पण दारावर खरा पहारेकरी दुसराच असतो, तो झाकणाच्या पोटाखाली राहतो. त्याचं नाव थर्मोस्टॅट. तांब्या-पितळेची वाटोळी चकती, मधे स्प्रिंग आणि एका छोट्या डबीत भरलेलं मेण. इंजिन थंड असेतोवर हा दार लावून बसतो. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापलं की डबीतलं मेण वितळून फुगतं, आतली पिन ढकलली जाते आणि दार उघडतं. ना वीज, ना वायर. मेणाच्या फुगण्यावर चालणारा असा इमानी नोकर सापडणं कठीण.

आमच्याकडच्या मिस्त्र्यांनी मात्र या इमानी नोकराला कधीच कामावरून काढून टाकलंय. नांदेडला लातूर फाट्यावर, देगलूर नाक्यावर, किंवा तिकडं अहमदपुरात कुठल्याही गॅरेजात जुनी गाडी 'गरम होते' म्हणून न्या, पहिली सूचना हीच येते. काढून टाका थर्मोस्टॅट. उस्तादांच्या दुकानात तर अशा काढलेल्या चकत्यांचा डबा आहे. इंजिन उशिरा तापतं, थंडपणी चाललं की डिझेल जास्त पितं, ऑइल खराब होतं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा दरबान म्हातारपणी दार लावूनच मरतो. बंद अवस्थेत अडकला की पाणी फिरत नाही, हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं. "बेचाळीस डिग्रीत दार उघडंच बरं," असं ते म्हणतात. पुस्तक त्यांच्या विरुद्ध आहे, पण पुस्तकानं मे महिन्यात मुखेडच्या घाटात ऊस भरलेली ट्रॉली ओढलेली नाही.

म्हणजे आमच्या झाकणाच्या पोटाखाली झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी ते लागायचंच, कारण सोंड त्याच्याकडं होती.

आता सोंड कशानं गेली? पाण्यानं. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं, म्हणजे गंज आणि खार अडवणारी औषधं घातलेलं रंगीत पाणी. आमच्या ट्रॅक्टरनं ते जन्मात चाखलेलं नाही. रानातली मोटार चालू करायची, पायपाशी कळशी भरायची, रेडिएटरमध्ये ओतायची. बोअर जितकं खोल, तितकं पाणी जड. ज्या पाण्यानं डाळ शिजत नाही, ज्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला ज्याची पांढरी रेघ उमटते, ते पाणी तापवून तीस वर्षं ॲल्युमिनियमवरून फिरवलं तर दुसरं काय होणार. त्यातही क्लिपच्या खाली, जिथं रबर आणि धातू यांच्या फटीत पाणी मुरून बसतं, तिथं ते आधी पोखरतं. झाकण बाहेरून धडधाकट दिसत होतं. ज्या दिवशी होज उपसला, त्या दिवशी सोंडेचा शेंडा होजमध्येच राहिला.

मग सुरू झाला शोध. झाकणाच्या स्वभावाची दुसरी बाजू इथं कळते. जवळ असताना ज्याला कुणी विचारत नव्हतं, ते हरवल्यावर अख्ख्या नांदेडला कामाला लावतं. पहिल्या काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये नंबर घालून म्हणाला, "येत नाही आता." दुसऱ्या काउंटरवर म्हातारे शेठ होते, त्यांनी कॉम्प्युटर न बघता नुसता पार्ट हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली हलवला आणि म्हणाले, "मॉडेल बंद होऊन लई दिवस झाले, मास्तर. माल होता तो संपला." लातूरला एका मित्राला फोटो पाठवला, त्यानं तिथल्या दोन-तीन दुकानांत दाखवला. उस्तादांनी हैदराबादला फोन लावला. भंगारवाल्यांकडं अख्खं इंजिन होतं, पण त्याच्यावरचं झाकण आमच्या आधीच कुणीतरी काढून नेलं होतं. तीन बोल्टच्या ताज्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. आपल्यासारखाच एक दुखावलेला माणूस याच जिल्ह्यात आहे, याचं त्या दिवशी मला उगीच बरं वाटलं.

चीर बुजवून घेऊ म्हणून 'आरगॉन मारून' आणायला गेलो. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला असंच म्हणतात. टॉर्चमधून आरगॉन वायू सोडून त्याच्या आडोशाला धातू वितळवायचा, म्हणजे हवा शिवत नाही. वेल्डरनं झाकण चिमट्यात धरलं, एक ठिणगी पाडली आणि परत दिलं. आतला धातू कुजलेला होता, टाका धरत नव्हता.

त्या रात्री फोनवर शोधता शोधता मला त्याचा जर्मन भाऊ भेटला.

ऑगस्ट 2017मध्ये मर्सिडीज-बेंझच्या ट्रक विभागानं जाहीर केलं होतं, की त्यांनी थ्रीडी प्रिंटिंगनं धातूचा पहिला सुटा भाग तयार केलाय. आणि तो भाग कोणता? थर्मोस्टॅटचं झाकण! जुन्या ट्रकांसाठी आणि उनिमोगसाठी. उनिमोग म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीच्या कामासाठी जन्माला आलेली, अर्धी ट्रक अर्धी ट्रॅक्टर अशी गाडी. नात्यानं आमच्या ट्रॅक्टरची चुलतमावशी. ज्या मॉडेलांचं हे झाकण, ती बंद होऊन पंधरा-एक वर्षं झाली होती. मला तो फोटो पाहून भरून आलं म्हटलं तर लोक हसतील. पण जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला पहिला मान द्यायला पिस्टन आठवला नाही, गिअर आठवला नाही, झाकण आठवलं. त्यांच्याकडंही कुणीतरी उनिमोगवाला काउंटरवरून रिकाम्या हातानं परत गेला असणार.

या भावाचा जन्म मात्र आमच्याकडच्या कुठल्याही बाळंतपणासारखा नाही.

आधी पीठ लागतं. ॲल्युमिनियममध्ये दहा टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घालून त्याची भुकटी करतात. कण रांगोळीहून कितीतरी बारीक आणि गोल, म्हणजे पसरताना अडत नाहीत. ही भुकटी भलती मानी. दमट हवा लागली की गोळे धरते. हवेत उडाली आणि ठिणगी भेटली तर स्फोट होतो, म्हणून मास्क लावून, जपून हाताळावी लागते. तिला बंद पेटीत ठेवतात आणि पेटीतला प्राणवायू हाकलून आत आरगॉन भरतात. हे वाचलं आणि मला लातूर फाट्यावरचा वेल्डर आठवला. टॉर्चच्या टोकाशी तो चिमूटभर आडोसा करतो, इथं अख्खी खोलीच आडोशाला.

पेटीत एक जाड धातूचा पाट. त्यावर एक पट्टी भुकटीचा थर ओढून देते, 30 मायक्रॉनचा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्याच्या निम्म्याहून पातळ. मग वरून लेसरचा किरण येतो आणि दारातल्या बाईनं रांगोळीची रेघ ओढावी तसा त्या थरावर फिरतो; फरक एवढाच, की ही बाई नुसती रेघ ओढून थांबत नाही, सगळी नक्षी भरून काढते. किरण जिथून गेला तिथली भुकटी वितळून गोठते, बाकीची तशीच सैल राहते. पाट केसभर खाली जातो, नवा थर, नवी रेघ. सहा सेंटिमीटर उंचीचं झाकण उभं राहायला असे दोन हजार थर. आधी तळ उगवतो, मग कान, मग पोटाची भिंत, आणि शेवटी सोंड. सोंड हवेत वाकते तिथं तिला खालून टेकू द्यावे लागतात, मांडवाच्या वेलीला काठ्या द्याव्यात तसे. सगळं झाल्यावर भुकटीच्या ढिगातून ते उकरून काढतात. उरलेली भुकटी चाळून पुढच्या खेपेला.

मला वाटलं होतं, की बाहेर आलं म्हणजे झालं. तसं नसतं. वितळणं आणि गोठणं इतक्या घाईनं होतं, की धातूच्या अंगात ताण भरून राहतो. पाटावरून तसंच कापलं तर ते वाकडं होतं. म्हणून आधी भट्टीत सुमारे 300 अंशांवर शेकतात. मग तारेच्या कापणीनं पाटापासून सोडवतात. टेकू तोडतात. अंग खरखरीत असतं, पॉलिश पेपरसारखं. अशा तळाखाली गॅस्केट बसणार नाही, पाणी झिरपणार. म्हणून तळ मशीनवर घेऊन घासून सपाट करतात. शेवटी तेही मशीनच्या जबड्यात धरलं जातंच. लेसरचं पोर असलं तरी टर्नरच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याला संसाराला लावत नाहीत.

या घराण्याची वंशावळ फार जुनी नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्यानं ऐंशीच्या दशकात लेसरनं भुकटी सांधायला सुरुवात केली. पूर्ण वितळलेला भरीव धातू मिळवायची रीत जर्मनीत आखनच्या फ्राउनहोफर संस्थेत नव्वदच्या दशकात बसली. 1996चा पेटंट अर्ज तिथला. पुढं श्रीमंत भाऊबंद झाले. पोर्शे 959 ही गाडी फक्त 292 बनली. तिच्या क्लचचा एक लिव्हर संपला म्हणून 2018मध्ये कंपनीनं तो पोलादाच्या भुकटीतून छापला आणि जवळजवळ तीन टनांच्या दाबाखाली तपासला. बुगाटीनं त्याच वर्षी ब्रेकचा कॅलिपर टायटेनियममध्ये छापला, 2,213 थर, 45 तास. ती मंडळी लग्नात भेटली तर ओळख देणार नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

आपल्या देशातला एक भाऊ मात्र सांगण्यासारखा आहे. 9 मे 2024ला इस्रोनं पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन 665 सेकंद पेटतं ठेवून तपासलं. जुन्या इंजिनात 14 भाग जोडलेले असत. हे एकसंध निघालं. 19 ठिकाणचं वेल्डिंग वाचलं. आधी 565 किलो धातू लागत होता, तिथं 13.7 किलो भुकटीत काम झालं. हे वाचून माझ्यातल्या मास्तराला अभिमान वाटला आणि माझ्यातल्या शेतकऱ्याला राग आला. रॉकेटचं इंजिन छापतात आणि माझं झाकण येत नाही? राग फार टिकला नाही. रॉकेटला किंमत विचारत नाहीत, झाकणाला विचारतात. ती मशीनं कोटींत मोजायची असतात, त्यांचा तास महाग, भुकटी महाग. एरवी साच्यात दाबून ओतलेलं झाकण काही रुपयांत पडतं, पण साचा करायलाच लाखो लागतात, म्हणून हजारोंनी विकलं जाणार असेल तरच तो कुणी करतं. छपाईला साचा लागत नाही. एकच नग हवा असेल आणि त्याच्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल, तिथं तिचं राज्य. मी एकच नग मागणारा होतो, पण उरलेली अट माझ्याकडं नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घेऊन उस्तादांसमोर उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. लेसर फिरताना पाहून "माशाल्ला" म्हणाले. मग चहा मागवला, आणि आमचं कुजलेलं झाकण उचलून विचारलं, "हे छापायचं तर माप कशाचं देणार?"

"ह्याचंच. स्कॅन करतात, सगळं माप कॉम्प्युटरमध्ये जातं."

ते हसले. त्यांनी झाकण काचेवर पालथं ठेवलं आणि बोटानं एक कान दाबला. ते डुगडुगलं. तीस वर्षं बोल्ट आवळून आवळून तळ वाकला होता. मग व्हर्निअर काढून सोंडेचं तोंड मोजून दाखवलं. एका बाजूला भिंत जेवढी, दुसऱ्या बाजूला तिच्या निम्मी. बोल्टची भोकं लांबट झालेली. "हे सगळं येईल ना त्याच्यात? वाकलेलं वाकलेलं, झिजलेलं झिजलेलं. नवंच म्हातारं निघंल ते."

मी गप्प. जर्मनांकडं मूळ ड्रॉइंग होतं. झाकणाची कुंडली त्यांच्या कपाटात होती. आमच्याकडं नुसत्या अस्थी. या एका गोष्टीवर सगळं अडतं, आणि व्हिडिओ करणाऱ्यांना ती कधी आठवत नाही. झीज किती, वाक किती आणि मूळ किती, हे ठरवायला तेच मॉडेल शंभरदा उघडलेला हात लागतो. उस्तादांनी मोजताना मधेच डोळे मिटले होते. त्यांच्या डोक्यात नवं झाकण होतं आणि ते त्याच्याशी पडताळून बघत होते.

"ओतून घेऊ," ते म्हणाले.

पुढचे चार दिवस मी शाळेची सुट्टी त्या झाकणाच्या नावे केली. उस्तादांनी आधी त्याची सोंड परत बांधली. डेंटर गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी थोडी थोडी चढवली, वाळवली, पॉलिश पेपरनं घासली. तळालाही लांबीचा एक थर दिला. ॲल्युमिनियम गोठताना आकसतं, शंभर मिलिमीटरमागं सव्वा-दीड मिलिमीटर, म्हणून नमुना तेवढा मोठा हवा. म्हातारं झाकण असं सजून एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या भट्टीवर गेलं. तिथं त्याला काळ्या वाळूत दाबून त्याचा ठसा घेतला. पोटातली पोकळी राहावी म्हणून वाळूचा वेगळा गाभा केला. वाळू धरून राहायला तिच्यात मळी कालवली होती, आपल्या साखर कारखान्यांतून निघते तीच. भट्टीजवळ उसाच्या गुऱ्हाळासारखा करपट गोड वास येत होता.

आणि धातू कुठला? उस्तादांनी पोतं उघडलं. जुने पिस्टन. "भांड्याचं ॲल्युमिनियम न्हाई चालत, मऊ पडतं. पिस्टनचं चालतं." घरी येऊन मी शोधलं तेव्हा कळलं, की पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये साधारण बारा टक्के सिलिकॉन असतं. तिकडच्या भुकटीत दहा. लातूर फाट्यावर बसून, कुठलंही पुस्तक न उघडता, उस्ताद त्याच धातूपाशी पोचले होते.

पहिलं झाकण नासलं. दिसायला देखणं निघालं, पण लेथवर तळ घेताच टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडली. वितळलेल्या रसात वायू राहिला होता. छापलेल्या झाकणांतही अशी भोकं राहू शकतात, तिकडं ती शोधायला सीटी स्कॅन करतात. दुसरं झाकण निघाल्यावर उस्तादांनी त्याचा तळ रबर लावून फळीवर आवळला, सोंडेत पंपाची नळी खोचली आणि सगळं बादलीत बुडवून हवा भरली. पंक्चर काढतात तसं. एक बुडबुडा आला नाही. ते टर्नरकडं गेलं, त्यानं चकमध्ये धरून तळाला फेसिंग मारलं, सोंडेच्या टोकाला होज निसटू नये म्हणून बारीक उंचवटा ठेवला, भोकं पाडली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते इंजिनावर बसलं. रंगानं जरा काळपट, अंगावर वाळूचे व्रण, जुन्यापेक्षा ठेंगणं-ठुसकं. मी पहिल्यांदाच बाटलीतलं कूलंट विकत आणलं होतं. उस्तादांनी बाटली वाचली आणि काही बोलले नाहीत.

चहा पिताना मी पुन्हा छपाईचा विषय काढला. मला वाटलं, हरलेली बाजू. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. लांबी चढवायला आणि घासायला त्यांचे दोन दिवस गेले होते. "ते प्लास्टिकचं छापतात ना पोरं कॉलेजात, ते किती टिकतं?" त्यांनी विचारलं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा शिकतो, त्यानं त्यांना प्लास्टिकची छापलेली शिट्टी दाखवली होती. मी म्हटलं, वाळूत दाबायला पुरेल. "मग झालं की. माप मी सांगतो, नमुना त्यांनी छापावा. ओतायचं काम आमचं." मी बघतच राहिलो. मोठ्या ओतशाळांतून आज हे केलं जातं. नमुना छापायचा, धातू जुन्याच रीतीनं ओतायचा. एकही व्हिडिओ पूर्ण न समजता ते तिथं येऊन थांबले होते.

परत येताना बसमध्ये मला लातूरची आठवण झाली. तिथल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी 31 मार्च 2018ला झाली आणि डब्याचा पहिला सांगाडा 25 डिसेंबर 2020ला बाहेर आला. पुढं 2023मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांच्या 1920 डब्यांचा करार झाला, त्यात 35 वर्षांची देखभालही लिहिलेली आहे. पस्तीस वर्षं! म्हणजे आज जन्मलेलं पोर तोवर स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला जाईल. या डब्यांतही कुठंतरी मुठीएवढी, नाव नसलेली झाकणं असणार. एखाद्याचा कारखाना मधेच बंद पडेल, एखाद्याचा साचा भंगारात जाईल. त्यांची कुंडली मात्र आजच नीट लिहून ठेवता येईल, कारण ती अजून नवी आहेत आणि त्यांचे तळ सपाट आहेत.

जुनं झाकण मी मागितलं होतं. टेबलावर कागद दाबायला ठेवावं, आबांची आठवण, असं काहीबाही मनात होतं. उस्तादांनी दिलं नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी तारा ताणल्या आहेत. त्यावर तुटके लिव्हर, अर्धे गिअर, पंपांची पाती, दात गेलेल्या कप्प्या लटकतात. मी इतकी वर्षं ते भंगार समजत होतो. लांबीची सोंड लावलेलं आमचं झाकण त्यांनी एका खिळ्याला अडकवलं आणि त्याच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तीन आकडे लिहिले.

"नमुना हाय, राहू द्या."

गेल्या आठवड्यात सहज डोकावलो तर खिळा रिकामा होता. उस्ताद एका जीपखाली झोपले होते, फक्त पाय बाहेर. विचारलं तर खालूनच आवाज आला.

"मापाला नेलंय एकानं. त्याचंबी नाक गेलंय."